उजवा हात मोकळा

हवाई दलात जाऊन तू सगळ्यात आधी काय शिकलीस, असं कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगते. चार वाक्यं. विमानाचं नावसुद्धा नंतर कळलं.

पहिल्या दिवशी, बॅगा अजून खांद्यावरच होत्या, तेव्हा एका सार्जंटने आम्हा बत्तीस जणांना उन्हात उभं केलं आणि म्हणाला, "आजपासून तुम्हाला चारच वाक्यं बोलायची परवानगी आहे. हो सर. नाही सर. काही सबब नाही सर. माहीत नाही सर, शोधून सांगते. समोर मॅडम असतील तर मॅडम म्हणा. पाचवं वाक्य नाही."

मी हसले. मला वाटलं, माणूस गंमत करतोय. झालं, मैदानाला दोन फेऱ्या, बॅगेसकट!

आता तुम्हीच सांगा, मी कुठल्या घरातून आलेली? आमच्या बाबांचं पंखे, मिक्सर, शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान. मी शाळेतून आले की तिथल्याच स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले द्यायची. आई म्हणायची, या मुलीचं तोंड फक्त दात घासताना बंद असतं, आणि तेही पूर्ण नाही. चार वाक्यं म्हणजे काय, ती मी चार श्वासांत संपवेन.

आणि वर ती निळी पुस्तिका. तळहाताएवढी, शर्टाच्या डाव्या खिशात, चोवीस तास. 'कॅडेटसाठी आवश्यक ज्ञान', एकूण चाळीस कलमं. ती पाठ असायला हवीत आणि वरच्या हुद्द्याचा कोणीही, कुठेही, कधीही तुम्हाला थांबवून विचारू शकतो. जेवणाच्या रांगेत विचारतात. जिन्यात विचारतात. एकदा न्हाणीघराच्या दाराशी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला असताना, मला कलम अकरा विचारलंय. वाऱ्याची दिशा सांगताना तो कुठून येतो ते सांगायचं, कुठे जातो ते नाही. मी बरोबर सांगितलं आणि मग स्वतःची खोली कुठल्या बाजूला ते विसरले.

माझा सगळा गोंधळ या पुस्तिकेनेच केला. डोक्यावर टोपी असेल तर सलामी, नसेल तर नुसतं ताठ उभं राहायचं. आत टोपी घालायची नाही, पण पहाऱ्यावर असाल तर आतही घालायची. मग पहाऱ्यावर असताना आत कुणी आलं तर? खांद्यावर एक जाड पट्टी म्हणजे कोण, दोन म्हणजे कोण, दोन जाड आणि मध्ये एक बारीक म्हणजे कोण. माणूस दिसायच्या आधी त्याचा खांदा बघायचा. मी तर महिनाभर कुणाचा चेहराच पाहिला नाही. आणि नियम असा की सलामी उशिरा दिली तरी चूक, नको त्याला दिली तरी चूक.

अशा तीन चुकांच्या तीन लाल चिठ्ठ्या माझ्या नावावर जमल्या होत्या. पहिली, बँडच्या ढोलवाल्याला कडक सलामी ठोकली म्हणून. त्याचा झगमगीत खांदा बघून मला वाटलं, हेच सगळ्यात मोठे साहेब. बिचाऱ्याने घाबरून ढोलाच्या काठीनेच उलट सलाम केला. दुसरी, सतरा वाजताच्या हजेरीला मी सात वाजता गेले म्हणून. तिसरीचं मात्र मला अजून वाईट वाटतं. माझ्या बुटाची नाडी तुटली होती, मी उशिरा आले, साहेबांनी विचारलं, "उशीर का?" आणि मी म्हणाले, "अहो सर, पण ऐकून तरी घ्या..."

पाचवं वाक्य. लाल चिठ्ठी.

चौथी चिठ्ठी म्हणजे सामान बांधा आणि घरी जा. यात मागे-पुढे नाही, ते दारावरच लिहून लावलंय. आणि नऊ दिवसांवर आमचा बिल्ल्यांचा समारंभ आला होता. घरची माणसं येतात, खांद्यावर पहिला बिल्ला लावतात, मग तुम्ही खरे कॅडेट. बाबांनी दुकानावर आत्तापासूनच पाटी लावली होती: 'अमुक तारखेला दुकान बंद. मुलीचा कार्यक्रम.' आजी गेली तेव्हासुद्धा त्यांनी दुपारनंतर दुकान उघडलं होतं. तो माणूस माझ्यासाठी अख्खा दिवस बंद ठेवणार होता. म्हणून मी जीभ दाताखाली धरून चार वाक्यांत जगत होते.

तर त्या दिवसाचं सांगते.

रोज सकाळी सहा-तीसला आमची वेचणी असते. विमानं जिथे उभी राहतात आणि जिथून धावपट्टीकडे जातात त्या सगळ्या काँक्रीटवर आम्ही एका ओळीत, हाताच्या अंतरावर, खाली बघत चालायचं. खडा, तार, खिळा, काचेचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचं. एवढासा खडा इंजिनाने ओढून घेतला तर अख्खं विमान जातं आणि आतला माणूसही. ओळीच्या शेवटी एकाकडे पिशवी आणि वही असते. सापडलेली वस्तू पिशवीत, ती कुठे सापडली ते वहीत. साधं काम आहे. डोकं लागत नाही, म्हणून मला ते फार आवडायचं.

त्या दिवशी मी ओळीच्या अगदी कडेला होते. तिसऱ्या आणि चौथ्या पांढऱ्या रेघेच्या मध्ये मला एक स्क्रू दिसला. करंगळीच्या नखाएवढा, चपट्या डोक्याचा. उचलला. आणि मान वर करते तर समोर इस्त्री!

इस्त्री म्हणजे आमचा प्रशिक्षण अधिकारी. आमच्याहून दोन वर्षांनी मोठा फक्त, पण त्याच्या गणवेशाला बसल्यावरसुद्धा घडी पडायची नाही, म्हणून आम्ही आपापसात त्याला इस्त्री म्हणायचो. तो माझ्यापासून सहा पावलांवर. सहा पावलांवर सलामी द्यायलाच लागते. आणि कलम सात काय सांगतं? उजवा हात सदैव मोकळा. उजव्या हातात कधीही काही धरू नये, कारण तो सलामीचा हात.

माझ्या उजव्या हातात स्क्रू!

माझी जी तारांबळ उडाली! डाव्या हातात घ्यावा हे सुचलंच नाही. सुचलं काय, तर खिसा. पँटच्या खिशात स्क्रू टाकला, बटण लावलं, सलामी ठोकली. बाबांच्या दुकानात मी हेच करत आले ना. मिक्सर उघडला, परत बंद केला, एक स्क्रू उरला. उरतोच. बाबा तो एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकतात. मी विचारायची, "बाबा, हा कुठला?" ते म्हणायचे, "चालतंय ना त्याच्याशिवाय? मग झालं." आमच्या घरी उरलेल्या स्क्रूला कुणी विचारत नाही.

"कलम तेवीस," इस्त्री म्हणाला.

मी सांगितलं. "एकोणतीस." सांगितलं. "हवाई दलातले हुद्दे, खालून वर." सांगितले. "वरून खाली." तिथे माझी भंबेरी उडाली, मी मधल्या दोघांची अदलाबदल केली. "पुन्हा." पुन्हा सांगितले. तोवर ओळ कुठल्या कुठे गेली होती. "धाव!" तो म्हणाला. मी धावले. ओळीला पोचेपर्यंत पिशवीचं तोंड बांधून झालं होतं, वही मिटली होती, आणि माझ्या डोक्यात फक्त हुद्दे गरगरत होते. खालून वर, वरून खाली.

स्क्रू? कसला स्क्रू? आणि दिवसभर तो लागणार तरी कसा हाताला? कलम नऊ: खिशात हात घालू नये.

अकरा वाजता वर्गात सांगण्यात आलं की सरावाची सगळी विमानं जमिनीवर थांबवली आहेत. चौदाच्या चौदा. सात नंबरच्या विमानाच्या पोटाखालची एक पट्टी तपासणीसाठी उघडली तर बारा स्क्रूंपैकी अकराच निघाले. बारावा बाहेर पडला तर ठीक. पण आत पडला असेल, कुठल्या तारेत, कुठल्या चाकात अडकला असेल, तर वर गेल्यावर सुकाणू जाम होईल. तो मिळेपर्यंत कुणी उडणार नाही.

मी वहीत लिहून घेतलं. हो, अगदी लिहून घेतलं! 'बारावा स्क्रू. आत की बाहेर?' खाली रेघही मारली. आणि स्क्रू माझ्याच मांडीला टेकलेला. या मुलीला काय म्हणावं?

शेजारी माझी खोलीतली मैत्रीण बसलेली, जिला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण ती गजर व्हायच्या एक मिनिट आधी उठते. ती कुजबुजली, "मोजणीमास्तरांची ड्युटी होती म्हणे. ती पट्टी मागच्या आठवड्यात त्यांनीच बंद केली."

मोजणीमास्तर म्हणजे हँगरमधले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. एकतीस वर्षं नोकरी. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच आहे, आणि ते प्रत्येक गोष्ट मोठ्याने मोजतात. स्क्रू काढताना मोजतात, लावताना मोजतात, पायऱ्या चढतानासुद्धा मोजतात. आम्हाला पहिल्यांदा हँगर दाखवायला नेलं तेव्हा सगळे साहेब पुस्तिकेतली कलमं विचारत होते. हे एकटे म्हणाले, "मुलांनो, जेवलात का?" त्या वेळी मला इतकं भरून आलं होतं की काय सांगू. चार वाक्यांत त्याचं उत्तर होतं, "हो सर." मी ते दोनदा म्हणाले.

"त्यांनी बारा लावल्याची सही केलीय," घड्याळ म्हणाली. "पाच वाजता चौकशी आहे. बारावा नाही सापडला तर खोटी सही केली असं धरतील. त्यांना दोनच आठवडे राहिलेत गं निवृत्तीला."

मी म्हणाले, "कसले लोक असतात! कुठे गेला असेल तो मेला स्क्रू?"

दुपारी तीन-चाळीसला मी खोलीत खेळाचे कपडे घालायला गेले. पँट काढली, घडी घालायला उलटी धरली, खिशाचं बटण सुटलं आणि फरशीवर टिंग असा आवाज झाला.

मी बघितलं. घड्याळनेही बघितलं.

बाई गं! मी मटकन पलंगावर बसले, जे दिवसा करायला मनाई आहे, कलम एकतीस. घड्याळने वाकून तो बघितला. मग हळूच म्हणाली, "हा तो नसेल."

"चपट्या डोक्याचा आहे."

"सगळेच चपट्या डोक्याचे असतात."

"मी वेचणीत उचलला गं. तीन आणि चार रेघेच्या मध्ये."

ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तुझी चौथी चिठ्ठी," ती म्हणाली.

हे मला एव्हाना कळलंच होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की तेच जास्त खरं वाटतं. मला दुकानावरची पाटी दिसायला लागली. 'मुलीचा कार्यक्रम.' आणि त्याच वेळी मोजणीमास्तरही दिसत होते, "मुलांनो, जेवलात का?" म्हणणारे. डोकं चालेनाच. पुस्तिका काढली. देवा शपथ, मी पुस्तिका काढून चाळीसच्या चाळीस कलमं वाचली, की अशा वेळी काय करायचं कुठेतरी लिहिलं असेल. वाऱ्याची दिशा आहे. झेंडा कसा दुमडायचा आहे. हे नाही. शेवटी घड्याळने कलम चौदावर बोट ठेवलं: महत्त्वाची माहिती सर्वांत जवळच्या वरिष्ठाला तत्काळ द्यावी.

सर्वांत जवळचा वरिष्ठ म्हणजे इस्त्री. तो खालीच मैदानावर होता.

मी त्याच्यासमोर जाऊन सलामी दिली आणि डावी मूठ उघडली. त्याने बघितलं. आधी त्याला काही कळलं नाही. मग कळलं. आणि मी पहिल्यांदा त्याचा चेहरा नीट पाहिला, खांदा नाही. तो माझ्याएवढाच होता, आणि पांढराफटक पडला होता.

"सकाळी?" तो म्हणाला.

"हो सर."

"मी थांबवलं तेव्हा हातात होता?"

"हो सर."

त्याने इकडे-तिकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक. कुणी पाहिलं नाही ना? तिथल्याच गवतात टाक. उद्याच्या वेचणीत सापडेल. वहीत नोंद होईल, विमानं उडतील, तुझी चिठ्ठी वाचेल. कुणाचंच काही जाणार नाही."

आणि खरं सांगते, मला ते पटलं. चांगलं दहा-बारा सेकंद पटलं. इतकं सोपं! उद्या सापडेल, सगळं जिथल्या तिथे. मी मूठ मिटलीसुद्धा. मग मला आठवलं.

"पण पाच वाजता त्यांची चौकशी आहे," मी म्हणाले. "उद्या सापडून काय उपयोग सर? आज त्यांना खोटारडा ठरवतील. एकतीस वर्षं मोजणारा माणूस!"

हे पाचवं वाक्य होतं. सहावं, सातवंही झालं. इस्त्री गवताकडेच बघत राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला घरी पाठवा नाहीतर काहीही करा, मी गवतात नाही टाकणार! तुम्हीच शिकवलं ना कलम दोन, कॅडेट खोटं बोलत नाही? मग बोलू की नको बोलू? चार वाक्यांत कसं सांगू हे? मला काही कळेनासं झालंय सर, खरंच काही कळत नाहीये!" आणि मी रडायला लागले, गणवेशात, मैदानाच्या मधोमध, ज्याचं कलम असेलच कुठलंतरी.

इस्त्रीने खिशातून रुमाल काढला. त्यालाही घडी होती. "पूस," तो म्हणाला. मग टोपी सरळ केली आणि म्हणाला, "चल."

प्रशिक्षणप्रमुख मॅडमच्या खोलीत मोठं टेबल, टेबलावर एक पांढरा कपडा, कपड्यावर अकरा स्क्रू ओळीने मांडलेले. एका बाजूला मोजणीमास्तर उभे होते, टोपी काखेत, चेहरा उतरलेला. त्यांच्यासमोर एक टाइप केलेला कबुलीचा कागद होता आणि त्यावर पेन ठेवलेलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात सोळा-बावन्न. मी ते बरोबर वाचलं, पहिल्यांदाच, न मोजता.

इस्त्री पुढे झाला. "मॅडम, बारावा स्क्रू कॅडेटला सकाळी वेचणीत सापडला होता. तो आत्तापर्यंत तिच्या खिशात राहिला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "खिशात का ठेवलास?"

चार वाक्यं. हो? नाही? माहीत नाही, शोधून सांगते? राहिलं एकच.

"काही सबब नाही मॅडम."

"आज मला सबब हवीय," मॅडम म्हणाल्या.

झालं! म्हणजे हा सापळा की काय? सबब सांगितली की चिठ्ठी, तिसऱ्या वेळी तेच झालं होतं. नाही सांगितली तर मॅडमची आज्ञा मोडली. मी इस्त्रीकडे बघितलं. तो समोर भिंतीकडे बघत होता. मोजणीमास्तर मात्र माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती वाट बघत होते.

मग मी सगळंच सांगितलं. उजवा हात, सहा पावलं, कलम सात, हुद्दे वरून खाली, धाव. बाबांचा पत्र्याचा डबाही सांगितला. मी म्हणाले, "आमच्या घरी स्क्रू उरतो मॅडम. उरला की डब्यात टाकतात. मला खरंच कळलं नाही की एका स्क्रूसाठी कुणाची एकतीस वर्षं..."

मोजणीमास्तरांनी हात पुढे केला. मी स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ बघत राहिले. "आटे झिजलेत," ते म्हणाले. "हा घट्ट बसवूनही सुटलाच असता मॅडम. सगळ्या विमानांचे बदलायला हवेत. हा सगळा एकाच खोक्यातला माल आहे." मग टेबलाशी आले आणि पांढऱ्या कपड्यावर शेवटच्या जागी तो ठेवला. "बारा," ते मोठ्याने म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

मॅडमनी तो टाइप केलेला कागद उचलून टेबलाच्या खणात टाकला.

मग मोजणीमास्तर माझ्याकडे वळले. "बाळ, डाव्या हातात धरायचा ना गं."

"कुणी सांगितलं नाही सर."

"पुस्तकात नाही?"

मी 'नाही' अशी मान हलवली. त्यांना खरं वाटेना. मॅडमनी माझी पुस्तिका मागितली आणि चाळली. इस्त्रीने स्वतःची काढली. ते तिघंही उभे राहून पानं उलटत होते आणि मी मध्ये ताठ उभी. एकतीस वर्षं नोकरी, वीस वर्षं नोकरी, दोन वर्षं नोकरी. कुणालाच सापडलं नाही. उजवा हात मोकळा ठेवा, एवढंच होतं. मग सापडलेल्या वस्तूचं काय करायचं, हे लिहायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चिठ्ठी मिळेलच," मॅडम शेवटी म्हणाल्या. "सकाळपासून चौदा विमानं बसून होती." मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. "पण तू आपणहून आलीस. घरी नाही पाठवत. एक तुकडी मागे जाशील. नव्या मुलांबरोबर पहिल्या दिवसापासून."

म्हणजे चांगलं झालं की वाईट? मला तेव्हा ठरवता आलं नाही, आणि आजही येत नाही. मी म्हणाले, "हो मॅडम." दारातून बाहेर पडताना मागे इस्त्रीचा आवाज ऐकला. तो म्हणत होता, "मॅडम, मला अजून एक सांगायचंय. तो गवतात टाक, असं मी तिला म्हणालो होतो." दार बंद झालं. पुढचे दोन महिने त्याने आम्हाला शिकवलं नाही. भांडारात ब्लँकेटं मोजायला दिली होती त्याला.

रविवारी दहा मिनिटं फोन मिळतो. मी बाबांना सगळं सांगितलं. समारंभ होणार, पण माझा नाही.

"त्या गृहस्थांचं नीट झालं ना?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"बरं," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला. पाटी काढली का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

माझ्या तुकडीचे बिल्ले लागले तेव्हा मी मागच्या ओळीत नव्या मुलांमध्ये उभी होते. घड्याळच्या खांद्यावर तिच्या आईने बिल्ला लावला. तिने मला शोधलं, आणि कलम मोडून हात हलवला. मोजणीमास्तर पुढच्या खुर्च्यांत बसले होते, निवृत्तीचा शेवटचा आठवडा, आणि टाळ्या वाजवताना त्यांचे ओठ हलत होते. ते बिल्ले मोजत होते.

मग नव्या पुस्तिका आल्या. तशाच निळ्या, पण कलमं एकेचाळीस. नवी मुलं आधीच गांगरलेली, त्यात एक जास्तीचं बघून म्हणाली, हे कुठून आलं मध्येच? मी माझी पुस्तिका डाव्या खिशात ठेवली. सहाव्या दिवशी वेचणीत मला एक खडा सापडला, डाव्या मुठीत घेतला, मान वर केली तर समोर एक अनोळखी खांदा. सलामी दिली. "कलम एकेचाळीस," तो खांदा म्हणाला. "सापडलेली वस्तू डाव्या हातात धरावी," मी म्हणाले, "आणि प्रश्नाचं उत्तर देण्यापूर्वी ती दाखवावी." मूठ उघडून दाखवली. त्याने खड्याकडे बघितलं आणि मला पिशवीकडे जाऊ दिलं.

त्या आठवड्याच्या रविवारी फोनवर बाबांचा आवाज काहीतरी वेगळाच लागला, दमलेला. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाले, "फिरून फिरून पाय दुखतायत." कुठे फिरता? आधी सांगेनात. मग आईने मागून ओरडून सांगितलं, "अगं, ते दुकान दुपारीच बंद करतात हल्ली! लोकांच्या घरी जातात!"

"कशाला?"

बाबांनी घसा खाकरला. "तो डबा आहे ना गं. स्क्रूंचा. झोप लागेना मला. ओतला एकदा सगळा. दोनशे सदतीस निघाले. म्हटलं, बघू तरी, कुणाचा कुठला ते. दार वाजवतो, म्हणतो, तुमच्या पंख्याचा एक माझ्याकडे राहिला असेल. लोक हसतात. एका बाईंनी तर आधी दारच उघडलं नाही." मग हिशेब दिल्यासारखं म्हणाले, "एकोणीस बसवले आत्तापर्यंत."

मागे रांगेतल्या मुली घड्याळं दाखवायला लागल्या होत्या.

"आणि बाकीचे, बाबा?"

मी त्यांना ती चार वाक्यं पहिल्याच रविवारी सांगितली होती आणि तेव्हा ते पोट धरून हसले होते. आता हसले नाहीत.

"माहीत नाही मॅडम," बाबा म्हणाले. "शोधून सांगतो."